सोमवारी बंद पडणारी गाडी

गाडी नेमकी सोमवारीच बंद पडते हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा तिसऱ्यांदा टोइंगवाला येऊन गेला होता. आधीचे दोन सोमवार मी नशिबाला शिव्या घालण्यात घालवले. तिसऱ्या वेळी मात्र मी म्हटलं, नशिबाला कॅलेंडर कळत नाही. हे माणसाचं काम आहे.

गाडी माझी नाही, लीजवर आहे. एकोणिसाव्या वर्षी स्कूटरच्या अपघातात कंबरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. या गाडीत ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही एका दांड्यावर आहेत, स्टिअरिंगच्या शेजारी. पुढे ढकलला की ब्रेक, खाली ओढला की वेग. अशा गाड्या देणारी छोटीशी कंपनी आहे, तिचं ऑफिस इथल्या पाया लेबार भागात. नंबर लागायला मला आठ महिने वाट बघावी लागली होती.

आणि माझं काम तुआसला. पाण्याच्या पंपांची तपासणी, दिवसाला तीन-तीन साइट, त्याही एकमेकींपासून लांब. आम्ही राहतो बेडोकला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. गाडी गेली तर साइट गेली, साइट गेली तर नोकरी, आणि नोकरी गेली तर या देशात राहायचा पास. करारात स्पष्ट लिहिलंय, तीन महिन्यांत चार वेळा गाडी बंद पडली तर कंपनी ती परत घेणार. माझ्या तीन झाल्या होत्या.

दर वेळी प्रकार तोच. सकाळी पार्किंगमध्ये जायचं, व्हीलचेअर घडी करून आत ओढायची, दांडा ढकलून स्टार्टचं बटण दाबायचं, आणि स्क्रीन म्हणणार, ब्रेक दाबा. अहो दाबलाय की! दांडा शेवटचा अर्धा इंच पुढे जायचाच नाही. मग टोइंग, मग कंपनीचं वर्कशॉप. मंगळवारी गाडी चकाचक धुऊन परत, आणि कागदावर तोच शेरा, दोष आढळला नाही.

वर्कशॉपमध्ये माझी गाडी बघायचा तो फैझल. तिशीचा, अबोल, माझ्याकडे न बघता बोलणारा. मला अशी माणसं चालत नाहीत. दोष आढळला नाही म्हणे! मग मी काय हौसेने टोइंग बोलावते? हे लोक मुद्दाम दोष ठेवतात, चौथ्यांदा बंद पडली की गाडी काढून घेणार आणि दुसऱ्या कुणाला देणार, असा मी हिशेब मांडला. कंपनीला मेल ठोकला, फैझलचं नाव घालून. तुमचा टेक्निशियन एकतर नालायक आहे किंवा खोटारडा, असं लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. त्याला कामावरून थांबवलंय, पुढच्या शुक्रवारी चौकशी आहे. मी त्या रात्री शांत झोपले.

पण सोमवारच का, हे काही सुटेना. वर्कशॉपला सोमवारशी काय देणंघेणं?

सोमवारी घरी कोण असतं? प्रबोध. माझा नवरा. सोमवारी तो घरून काम करतो. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, दांडा कसा अडवायचा हे त्याला झोपेतही कळेल. आणि मी गाडी चालवू नये असं त्याला वाटतं, हे काही गुपित नाही. एक्स्प्रेसवेवर एका ट्रकने मला जरा घासल्यासारखं केलं, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, टेबलावरचं काम बघ ना कुठेतरी.

संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की उतरत नाही. मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागले. रविवारी तो कचरा टाकायला गेला आणि बारा मिनिटांनी आला. कचऱ्याला बारा मिनिटं? जेवताना मी विचारूनच टाकलं.

"प्रबोध, माझ्या गाडीला तू काय करतोस?"

त्याचा घास हातातच राहिला. "काय?"

"सोमवारी तू घरी, सोमवारी गाडी बंद. मी मूर्ख नाही."

आमच्याकडे तेव्हा अण्णा होते, माझे वडील. महिन्याभरापूर्वी साताऱ्याहून आलेले. एकतीस वर्षं एसटी चालवली, आता गुडघे गेलेत. ते ताटातला भात चिवडत बसले. लेक-जावयाच्या भांडणात बोलायचं नाही, हा त्यांचा नियम.

प्रबोध ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "तुला असं वाटू शकतं, हेच मला नवीन आहे." आणि ताट उचलून गेला. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. चौथी वेळ मला परवडणारी नव्हती. पाचलाच उठले, आवाज न करता खुर्चीत बसले आणि पार्किंगमध्ये जाऊन खांबाआड थांबले. फोन व्हिडिओवर लावून मांडीवर धरला. म्हटलं, आज रंगेहाथ पकडते.

सव्वासहाला लिफ्ट उघडली. आतून अण्णा आले.

फिरायला निघाले असतील असं वाटलं. पण ते सरळ माझ्या गाडीशी गेले. खिशातून किल्ली काढली, दाराशेजारच्या हुकावर मी मुद्दाम सोडलेली माझीच किल्ली. ड्रायव्हरचं दार उघडून आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. मग स्टीलची छोटी वाटी काढली. हळद लावलेले तांदूळ. दांड्याच्या बुडाशी रबराचं कव्हर असतं, ते दोन बोटांनी वर केलं आणि चिमूट आत सोडायला गेले.

"अण्णा, थांबा," मी म्हणाले.

ते दचकले. वाटी कलंडून तांदूळ सीटवर पडले.

"तुम्ही? दर सोमवारी तुम्ही?"

"अक्षता आहेत गं," ते म्हणाले. "डेपोत चाकाला वाहायचो. पण तुझं चाक म्हणजे हा दांडा. वर ठेवल्या तर तू पुसून टाकशील, म्हणून आत."

"त्या आत अडकतात. ब्रेक पुढे जात नाही. तिन्ही वेळा गाडी तुमच्यामुळे बंद पडली."

अण्णांनी दाराला धरलं. मला वाटलं होतं ते रागावतील, देवाधर्मावर बोलतील. ते म्हणाले, "तुझी नवी स्कूटर शनिवारी आली होती. मी लातूर गाडीवर होतो. म्हटलं सोमवारी येऊन पूजा करतो. तू रविवारी घेऊन गेलीस."

तेवीस वर्षं हा माणूस हे मनात धरून होता आणि मला पत्ता नव्हता. अण्णा, ट्रक चुकीच्या बाजूने आला होता, पूजेने काय होणार होतं, हे सगळं मला म्हणायचं होतं. मी त्यांचा हात धरून नुसती रडले. मग तेही रडले. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालत होते.

त्या दिवशी गाडी सुरू झाली. मी साइटवर गेले, पण डोक्यातला किडा मेला नव्हता. तांदूळ आत होते, मग वर्कशॉपला दिसले कसे नाहीत? गाडी धुतात, सांधा हवा मारून साफ करतात, आणि लिहितात दोष आढळला नाही? म्हणजे फैझल खोटारडाच. दुपारी मी त्याला फोन लावला, चांगला फैलावर घ्यायच्या इराद्याने.

"तांदूळ तुला सापडले होते की नाही?"

"तिन्ही वेळा सापडले, मॅडम. पिवळे. माझ्या शेजारी एक भारतीय आजी राहते, ती दारात ठेवते. प्रार्थनेचे आहेत हे मला कळलं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं तर ती वापरणाऱ्याची चूक ठरते. तशी चूक एकदा झाली तरी पुरते, चार वेळांची वाट न बघता गाडी लगेच परत घेतात. तुम्हाला सांगायला दोनदा फोन केला होता. तुम्ही म्हणालात, जे काय असेल ते लेखी दे. ते लेखी कसं देणार?"

मी फोन ठेवला. पंपाचा आवाज चालू होता. ज्याला मी खोटारडा म्हटलं तो खरंच खोटं लिहीत होता, माझ्यासाठी, तीनदा. आणि त्या खोट्यापायी आता घरी बसला होता.

गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. अण्णा आता तांदूळ ठेवणार नव्हते, गाडी बंद पडणार नव्हती, कुणाला काही कळलं नसतं. फक्त फैझलची नोकरी गेली असती. संध्याकाळभर मी हा विचार केला हे कबूल करते. लाज वाटते, पण केला.

प्रबोधला सगळं सांगितलं. माफीही मागितली, जिची मला सवय नाही. तो म्हणाला, "कचरा टाकून मी खाली बाकावर बसलो होतो. घरात तुझा चेहरा बघवत नव्हता."

मी लॅपटॉप उघडला. अण्णा शेजारी येऊन बसले, त्यांना इंग्रजी येत नाही, तरी स्क्रीनकडे बघत राहिले. मी लिहिलं की तांदूळ आमच्या घरातले आहेत, टेक्निशियनने मला वाचवायला ते लपवले, शिक्षा द्यायची तर मला द्या. मग अण्णांना मराठीत वाचून दाखवलं.

"गाडी नेतील?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक नेतील."

"मग माझं नाव घाल. चूक ज्याची, सही त्याची."

"नाही अण्णा," मी म्हणाले. "गाडी माझ्या नावावर आहे."

आणि मी मेल पाठवला.