मुरुडच्या सटवाजीचे गोल

शंकरप्पांनी जुन्या उर्दू वर्तमानपत्राची झेरॉक्स परत रेणुकादासांच्या पुढ्यात सरकवली.

"सर, ह्यात गोल न्हाईत."

"एकही?"

"अकरा सामन्यांचं लिवलंय. एकात बी न्हाई. शेवटी म्हणतोय, मुरुडच्या सटवाजीनं पुन्हा मोकळ्या गोलावरून चेंडू वर मारला. पलटणीनं आता दुसरा गडी बघावा."

निजामाच्या काळातले उर्दू दस्त लोकांना वाचून देण्यात शंकरप्पांचं आयुष्य उदगीरला गेलं होतं. कोर्टातसुद्धा त्यांचा शब्द चालायचा. माणूस एक अक्षर इकडचं तिकडे करणारा नव्हता, आणि त्याबद्दल रेणुकादासांनी त्यांना मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.

हैदराबादच्या तीन चकरा मारून त्यांनी १९२१ सालचा हा अंक शोधला होता. लातूरला त्यांचे वडील, अमृतराव, अंथरुणाला खिळले होते. वय एकोणनव्वद. डॉक्टरांनी दोन-चार दिवसांची भाषा केली होती. सटवाजी हे अमृतरावांचे वडील. निजामाच्या पलटणीकडून ते फुटबॉल खेळले आणि अंतिम सामन्यात अनवाणी पायांनी तीन गोल मारले, असं अमृतराव जन्मभर सांगत आले. भावकी तोंडावर हो म्हणायची आणि पाठ फिरली की हसायची. आता जाता जाता त्यांचं एकच मागणं होतं. छापील कागद आण, एकदा कानांनी ऐकू दे.

बसमध्ये रेणुकादासांना रडू आवरेना. साठी उलटलेला मास्तर, रुमालात तोंड खुपसून बसला. खरं सांगितलं तर बाप तळमळत जाणार. खोटं बोलावं तर जन्मभर पोरांना काय शिकवलं? नळेगाव मागे पडलं तेव्हा त्यांचं ठरलं. चुलीत गेलं ते शिकवणं.

घरी त्यांची बायको, चंद्रप्रभा, सासऱ्यांच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती.

"घावलं का रे?" अमृतरावांनी डोळे न उघडताच विचारलं.

"घावलं, अण्णा. तीन गोल. ऐका."

रेणुकादासांनी कागद समोर धरला. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. वर्गात धडा वाचावा तसं डावीकडून उजवीकडे बोट फिरवत त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "मुरुडच्या सटवाजीनं एकामागून एक तीन गोल मारले आणि सारं मैदान..."

अमृतरावांचे डोळे उघडले होते. ते मुलाच्या बोटाकडे बघत होते.

"दे इकडं. चष्मा दे."

रेणुकादासांनी चष्मा आणि कागद त्यांच्या हातात दिला. अण्णा चौथीपर्यंत उर्दूतून शिकले होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, त्यांना उर्दू वाचताना घरात कुणीच पाहिलं नव्हतं, आणि स्वतःला हुशार समजणाऱ्या मास्तरला नेमकं हेच आठवलं नव्हतं.

अमृतरावांचं बोट उजवीकडून डावीकडे निघालं. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. चंद्रप्रभा हातातली वाटी घेऊन तशीच उभी होती.

रेणुकादासांनी वडिलांचे पाय धरले.

"अण्णा, माझं चुकलं. मी..."

"गप रे."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि छातीवर ठेवली. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग ते सुनेकडे वळले.

"सूनबाई, तुझ्या नवऱ्याला उर्दू येत न्हाई. तीन न्हाईत. चार हायेत."