पांढऱ्या दोऱ्याची साक्ष

मी भिंग बोलतो आहे. शालूबाईंची जागा गेली, त्यात माझा वाटा आहे, हे आरंभीच सांगतो. कापडातील ज्या फटींवरून पुढे सगळा प्रकार घडला, त्या फटी त्यांना मीच दाखवल्या होत्या. त्या पाहून त्यांनी काय केले आणि का केले, हेही मला ठाऊक होते. परंतु भिंगाला दाखवता येते. सांगता येत नाही.

माझा देह पितळेचा, तीन घड्यांचा. उघडून कापडावर उभा केला, की तळाशी इंचभर चौकट आणि वर काच. त्या चौकटीतील धागे मोजले, की वीण कळते. माधवनगरच्या एका जुन्या गिरणीत माझी उमेदीची वर्षे गेली. गिरणी बंद पडली त्या दिवशी तेथील तपासनीस चंदनबाला यांनी मला पदराच्या टोकाला बांधून बाहेर आणले. ह्याला कोणी चोरी म्हणावे, तर खुशाल म्हणावे. निरोपाचा नारळसुद्धा त्यांना कोणी दिला नव्हता.

पुढे चंदनबाला बाळगोंडाअण्णांच्या यंत्रमागांच्या कारखान्यात लागल्या. तेथे लग्न होऊन आटपाडीहून गावात आलेल्या शालूबाई त्यांच्या हाताखाली आल्या. काम वरवर सोपे. काचेच्या टेबलाखाली दिवे, वरून सरकणारा तागा. दोष दिसला, की काठाला लाल दोरा बांधायचा आणि मागाचा क्रमांक वहीत लिहायचा. एका महिन्यात तीन लाल दोरे झाले, की त्या विणकराचा माग दुसऱ्याच्या हाती जाई.

चंदनबालांच्या पेटीत लाल दोऱ्याच्या रिळाशेजारी पांढऱ्या दोऱ्याचेही एक रीळ असे.

"ज्येच्या घरी सुतक, त्येच्या ताग्याला म्हैनाभर पांढरा दोरा," त्यांनी शालूबाईंना सांगितले होते. "वहीत लिवायचं न्हाई. जेवायच्या सुट्टीत आपुन सुईनं सांधायचं. मानसाचं चित्त थाऱ्यावर नसतं गं तवा. आन् ह्ये कुनापाशी बोलायचं न्हाई. बोललं की उपकार हुतो."

कापड निर्दोष होऊनच बाहेर जाई, आणि विणकराचा माग राही. ज्याच्यासाठी दोरा बांधला जाई त्याला ते कळे. तो काही बोलत नसे. निवृत्त होताना चंदनबालांनी दोन्ही रिळे आणि मी, असा तिघांचा संसार शालूबाईंच्या स्वाधीन केला. शालूबाईंनी तो तीस वर्षे सांभाळला. आपल्या नजरेचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

गेल्या वर्षी टेबलाच्या डोक्यावर कॅमेरे बसले. सांगलीहून आर्जव नावाचा तरुण अभियंता आला. एआयचे यंत्र आता कापड तपासायला शिकणार, आणि ते शालूबाईंकडे पाहून शिकणार, असे अण्णांनी जाहीर केले.

टेबलावर तेव्हा तिघीजणी होत्या. दगडाबाईंनी त्याच दुपारी भाकरीचे फडके सोडता सोडता उपाय काढला.

"शालू, ह्येला चुकीचंच दावू या की गं. चांगल्या जागंला लाल दोरा, फाटक्याला काईच न्हाई. बसू दे बोंबलत."

"मावशी, हळू बोला, वर कॅमेरा आहे," प्रीती म्हणाली. ती बारावी झालेली, तिघींत धाकटी. "आणि एवढं काय घाबरायचं? माझ्या रजेचा अर्ज एआयच लिहून देतो. अण्णा म्हणाले, छान मराठी आहे."

"तुझी दोन दिसांची रजा लिवतंय, आन् माझी कायमची लिवनार, व्हय?"

शालूबाईंनी मला पदराने पुसले. "चुकीचं मी कुनाला शिकवनार न्हाई. मानसाला न्हाई, आन् मशीनला बी न्हाई. माझी नजर हाय ती. तिला बट्टा लागू द्यायची न्हाई."

मला त्या क्षणी त्यांचा फार गर्व वाटला होता. आज वाटतो तो संताप. शिकवणाऱ्याला आपली जागा धोक्यात आहे असे कधीच वाटत नाही. त्याला वाटते, आपला मान वाढला.

आर्जवने एकच सूचना केली. "मावशी, तुम्ही रोज करता अगदी तसंच करा. काही कमी नाही, काही जास्त नाही. तुमची नजर मला मशीनमध्ये उतरवायची आहे." ह्या वाक्याने शालूबाई इतक्या सुखावल्या, की त्या दिवशी त्यांनी मला दोनदा पुसले.

त्यांनी ती सूचना अक्षरशः पाळली. दुसऱ्या महिन्यात गुंडा नावाच्या विणकराचे वडील वारले. मालाची घाई होती, म्हणून चौथ्याच दिवशी तो केस उतरवलेल्या डोक्याने मागावर उभा राहिला. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटे आणि त्याच्या ध्यानात येत नसे. कापडात बोटभर लांबीची उभी, केसासारखी बारीक फट पडे. शालूबाई मला त्या जागी ठेवत, फट पाहत, उसासा टाकत आणि पांढरा दोरा बांधत. महिनाभरात असे चाळीस दोरे झाले. चाळीसही फटी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सुईने सांधल्या. कॅमेऱ्याने मात्र दोरा पाहिला. सुई पाहिली नाही. टेबलाखालचे दिवे सुट्टीत बंद असत, आणि त्यांच्याबरोबर कॅमेराही.

"मावशी, हा पांढरा दोरा कशाचा?" आर्जवने एकदा विचारले होते.

"चालंल त्ये," शालूबाई म्हणाल्या. परक्या मुलापाशी कोणाच्या घरचे सुतक काय बोलायचे? त्याने 'पांढरा: ग्राह्य' अशी नोंद केली. 'का?' हा एक अक्षराचा प्रश्न त्याला सुचला नाही, आणि त्यांनाही उत्तर देण्याची सवय नव्हती.

यंत्र कामाला लागले. लाल दोऱ्याचे दोष ते डोळ्याचे पाते लवण्याआधी पकडी. उभ्या फटी मात्र ते मुकाट्याने पुढे जाऊ देई. दीड महिन्यात पेठेतून सबंध खेप परत आली. आर्जवने जुनी छायाचित्रे उघडली, आणि एकाखाली एक चाळीस पांढरे दोरे संगणकाच्या पडद्यावर उभे राहिले.

भर दुपारी माग थांबवून अण्णांनी सगळ्यांना तपासणीच्या खोलीत बोलावले. मी टेबलावरच होतो.

"शालूबाई, ही फट तुम्हांला दिसली नव्हती?"

"दिसली हुती, आण्णा."

"मग पांढरा दोरा का?"

शालूबाईंनी मान वळवून गुंडाकडे पाहिले. खरे बोलावे, तर चाळीस दोष त्याच्या नावावर लागणार. माग जाण्यास तीनच पुरेसे होते. गुंडा आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत होता. 'आवं, माझ्या घरी सुतक हुतं' एवढे पाच शब्द त्याला बोलायचे होते. मी वाट पाहिली.

"चुकलं माझं," शालूबाई म्हणाल्या.

"चाळीस वेळा?" आर्जवचा आवाज चढला. "अण्णा, हे मुद्दाम झालंय. नोकरी जाईल म्हणून माणसं मशीनला खोटं शिकवतात. मला आधीच ओळखायला हवं होतं."

जे करण्यास शालूबाईंनी नकार दिला, नेमक्या त्याच गोष्टीचा आरोप त्यांच्यावर आला. हा नकार दगडाबाईंनी कानांनी ऐकला होता. प्रीतीनेही ऐकला होता. दगडाबाईंनी पदराचे टोक दातांत धरले. प्रीतीने पडद्यावरचा धूळ नसलेला कोपरा पुसला. प्रत्येकीला आपली जागा आठवत होती. यंत्राने माणसाची जागा घेतली, असे लोक म्हणतात. मी जवळून पाहिले आहे. यंत्र तर छताला टांगलेले होते. जागा माणसांनी काढून घेतली, आणि तीही तोंड न उघडता.

वाचकहो, माझी एकच विनवणी आहे. कोणाची नजर उतरवून घ्यायची असेल, तर घ्या. पण तिने एखादी गोष्ट पाहूनही का सोडून दिली, हे आधी विचारा. ते विचारण्यास यंत्र लागत नाही. मी आता प्रीतीच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. माझ्या काचेतून कोणी पाहत नाही. कोणाच्या घरी पुन्हा सुतक येईल, तेव्हा दोरा लालच लागेल.

त्या दुपारी ठरले ते असे: पांढऱ्या दोऱ्याची सर्व छायाचित्रे पुसून टाकायची, यंत्राला प्रीतीने नव्याने शिकवायचे, दगडाबाईंनी घडी घालण्याच्या कामावर जायचे, शालूबाईंनी उद्यापासून यायचे नाही. "कुणाला मान्य नसेल, तर आत्ताच सांगा," अण्णा म्हणाले. मग ज्यांना मान्य आहे त्यांना त्यांनी हात वर करायला सांगितले. आर्जवचा हात आधी वर गेला. प्रीतीने पडद्याकडे पाहत हात वर केला. दगडाबाईंचा हात खांद्यापर्यंतच गेला, पण तोही होकारात धरला गेला. शालूबाईंनी कागदावर सही केली आणि मला घडी घालून टेबलावर ठेवले.

शेवटचा हात गुंडाचा होता. बापाच्या सुतकात उतरवलेले त्याचे केस आता भांग पाडण्याइतके वाढले होते.