माझ्या शंखात भरलेलं सिमेंट

मी दातांच्या डॉक्टरांच्या टाकीतली गोगलगाय बोलतेय. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण तुमचीच ना? आमच्यात पाय पोटालाच असतो, त्यात लपवाछपवी कसली? तुमच्या पोटात काय काय असतं, ते मी या काचेतून रोज बघते.

माझा जन्म माशांच्या दुकानात, टाकीच्या झाकणाखाली चिकटलेल्या गुलाबी अंड्यांच्या घोसात झाला. दुकानदार गबाळा होता, पण त्याच्या टाकीत नळाचं जड, क्षारांचं पाणी असायचं. त्यावर माझा शंख पिवळाधमक, गुळगुळीत वाढला. डॉक्टरांनी बघताक्षणी मला उचललं आणि दवाखान्यात ताटकळणाऱ्या पेशंटांपुढे शोभेला ठेवलं.

डॉक्टर स्वच्छतेचे फार भोक्ते. टाकीत नळाचं पाणी चालायचं नाही. मशीनमधून गाळलेलं, क्षार काढून टाकलेलंच हवं. वर शोभेचा एक लाकडी ओंडका, तो पाणी हळूहळू आंबट करतो. असलं पाणी उपाशी असतं. क्षार मिळाले नाहीत की ते माझा शंख खातं. महिन्याभरात टोकाचा रंग उडाला, मग पांढरे डाग आले, मग खळगे पडले.

आणि हे महाशय माझ्यापासून चार हातांवर उभे राहून सांगतात, "काका, आंबट कमी करा. कॅल्शियम घ्या. झिजलेला दात परत येत नाही." काकाही आ वासून मान डोलावतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

डोळे होते ते फक्त फरशी पुसणाऱ्या मावशींना. एकदा मशीन बिघडलं, तेव्हा त्यांनी दहा-बारा दिवस आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचं पाणी टाकीत घातलं. तेवढ्यात माझ्या शंखाची कड नखभर वाढली, तीही चांगली जाड. मग त्यांनी अंड्याची टरफलं धुऊन, कुटून आणली. डॉक्टरांनी ती चिमट्याने एकेक करून बाहेर काढली.

"मावशी, ही टाकी आहे, केराची बादली नाही."

शेवटी टोकाला भोक पडलं. ते दिसल्यावर या माणसाने काय करावं? पाणी तपासावं? छे! दुपारच्या सुट्टीत त्यांनी हातमोजे चढवले, मला पेशंटच्या खुर्चीवर ठेवलं, भोक घासून कोरडं केलं, दातात भरतात ते सिमेंट भरलं आणि ते पक्कं व्हायला वर निळा दिवा धरला. मी शंखाच्या तोंडावरचं दार घट्ट लावून बसले होते. वर फोटो काढला. तो आता भिंतीवर आहे, आणि येणारा-जाणारा म्हणतो, "काय प्रेमळ डॉक्टर!"

मावशी मात्र म्हणाल्या, "बुजवलंत ते बरं केलंत. पण पाणी तेच राहिलं तर शेजारी दुसरं पडेल."

"मावशी, एकदम शुद्ध पाणी आहे. मी स्वतः तेच पितो."

"तुमच्या पाठीवर कुठे शंख आहे?"

डॉक्टर हसले आणि हात धुवायला गेले. शिकलेल्या माणसाला फरशी पुसणारीचं ऐकायला कमीपणा वाटतो, त्याला औषध नाही.

दुसरं भोक पडलंय. सिमेंट तसंच चकाकतंय, त्याच्या भोवतीचा शंख मात्र विरत चाललाय. सांगायला लाज वाटते, पण मला भीती वाटते. आतल्या मऊ अंगाला आता पाण्याचा गारवा लागतो. मघाशी डॉक्टरांनी पुन्हा हातमोजे चढवलेत, आणि मावशी बादली हातात धरून उभ्या आहेत.

माझं आता फार दिवस चालायचं नाही. तेव्हा तुम्हालाच सांगते. कधी या खुर्चीत बसायची वेळ आली, तर तोंड उघडण्याआधी विचारा, "डॉक्टर, तुमची गोगलगाय कशी आहे?" ते भिंतीवरचा फोटो दाखवू लागले, तर सरळ उठा आणि घरी जा.