आबांचं नाक आणि बारा क्रेट

"दोन दिवस, दोन दिवस. एवढ्यात माझी तिन्ही बाळंतपणं आटोपली होती."

शिडीवाली मावशी वाकलेल्या फांदीला टेकू बांधताना झाडाशीच बोलल्यासारखी पुटपुटली. पण शिडी धरून खाली मी उभी होते, त्यामुळे ते थेट माझ्या डोक्यावर पडलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आमच्या घरात सध्या सगळ्यांना तेवढंच काम आहे.

आमची पीचची बाग आहे आणि पीच कधी तोडायचे ते माझे सासरे ठरवतात. पहिलं झाड लावलं तेव्हापासूनचा शिरस्ता. सकाळी आबा बागेत जाणार, पाच झाडांची पाच फळं तळहातावर तोलणार, देठाशी नाक लावणार, डोळे मिटणार. मग 'तोडा' तरी म्हणणार, नाहीतर 'अजून दोन दिवस'. त्यांनी 'तोडा' म्हटल्याशिवाय मावशी आणि तिच्या तोडणीच्या बाया टोपलीला शिवत नाहीत. बाजारातला व्यापारीसुद्धा आमचा माल उघडून बघत नाही, आबांच्या नाकावर उचलतो.

एका वर्षी आमच्या ह्यांनी नुसता रंग बघून घाई केली. फळं लाकडासारखी निघाली आणि सगळा माल मुरंब्यात गेला. तेव्हापासून रंगाचा विषय निघाला की ह्यांचं तोंड बंद. भिंतीला कोणता रंग द्यायचा विचारलं तरी म्हणतात, "आबांना विचार."

यंदा 'अजून दोन दिवस' चारदा झालं होतं. गवतात धप्प धप्प फळं पडत होती, गांधीलमाश्यांची चंगळ होती. आणि का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. थंडीत आबांना दणकून सर्दी झाली होती. ती गेली, पण जाताना नाकातलं काहीतरी घेऊन गेली. पंधरा दिवसांपूर्वी आबा शेगडीजवळ पेपर वाचत बसले होते आणि हाताच्या अंतरावर दूध करपून कोळसा झालं. मी अंगणातून धावत आले.

"काय गं, काय झालं?" आबांनी विचारलं.

सासूबाईंनी पातेलं उतरवलं, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "काही नाही."

त्या दिवसापासून आमच्याकडे 'काही नाही' चाललंय.

मला एका जागी बसवेना. मी रिकामे क्रेट धुतले, उन्हात टाकले, वाळल्यावर पुन्हा धुतले. ह्यांनी टेम्पोच्या चाकांची हवा दिवसातून तीनदा बघितली. चाकं तरी काय करणार, होती तेवढीच हवा दाखवत होती.

"तुम्ही बोला ना आबांशी," मी म्हटलं.

"मी? माझा एकदा मुरंबा झालाय."

"मुलगा कोण त्यांचा?"

"आणि लाडकी सून कोण त्यांची?"

बोलायला शब्द कमी नव्हते. पण ते एक वाक्य बोललं की आबांना सकाळी उठून बागेत कशाला जायचं, हा प्रश्न उरत होता. झाडावर चढणं सुटलं होतं, फवारणी सुटली होती. हातात राहिलं होतं ते तेवढं नाकच.

आज सकाळी आबांनी पाचव्यांदा डोळे मिटले आणि पाचव्यांदा दोन दिवस मागितले. मग ते केस कापायला गेले. त्यांची पाठ वळली तशी मी मावशीकडे पाहिलं, मावशीने माझ्याकडे. मागच्या ओळीतली बारा क्रेट फळं आम्ही तासाभरात उतरवली. सासूबाईंनी पाहिलं, पण विचारलं नाही. संध्याकाळी आबा पाय मोकळे करायला गेले की टेम्पो भरायचा, असं ठरलं.

आता ठेवायचं कुठे? शेडमध्ये आबा दिवसभर बसतात. आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. घरात उंच पलंग एकच, आबांचा. चादर जमिनीपर्यंत ओढली की खालचं काही दिसत नाही. आम्ही एकेक क्रेट आत सरकवला. शेवटचा सरकवताना मावशी थबकली, आणि तेव्हा माझ्याही लक्षात आलं. आम्ही फळं डोळ्यांपासून लपवली होती. वासाचा विचार कोणाच्या मनातसुद्धा आला नव्हता. मावशीने हात पुसले आणि उगाचच चादरीची चुणी सरळ केली.

आबा वाटलं होतं त्यापेक्षा लवकर परतले. उन्हाचं म्हणून न्हावी त्यांना सोडायला आला होता. ते आत येऊन पलंगावर टेकले. मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी न घेताच परत आले. हे दारात येऊन उभे राहिले. सासूबाई खिडकीशी.

न्हाव्याने उंबऱ्यातच मोठ्ठा श्वास घेतला. "वा, आबा. घर नुसतं घमघमतंय. तोडणी झाली म्हणायची. मला मघाशी बोलला नाहीत."

"कुठली तोडणी?" आबा म्हणाले. "अजून दोन दिवस आहेत."

न्हावी हसला. मग कोणीच हसत नाही असं बघून त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि "दुकान उघडंच टाकून आलोय" म्हणत निघून गेला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्वतःच्या चपलांकडे बघत होते. आबांनी हळूच नाकाने श्वास ओढला, थांबले, पुन्हा ओढला. नुकत्याच कापलेल्या केसांमुळे त्यांची मान फार बारीक दिसत होती.

"ऊन उतरलं की मी..." हे काहीतरी बोलायला लागले.

"थांब रे तू," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीपासून निघाल्या आणि आबांच्या शेजारी पलंगावर बसल्या. एवढ्या वर्षांत आमच्यादेखत त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला वास येत नाही. सर्दी झाली तेव्हापासून येत नाही."