डाव्या बाजूचं दार

सत्तावीस वर्षं काझिमिर पाखोल्स्कीनं मातीच्या गाड्या केल्या आणि त्यातली एकही त्याच्या बहिणीच्या कामाची निघाली नाही.

डेट्रॉइटच्या त्या कंपनीत खरी गाडी होण्याआधी तिचा पूर्ण मापाचा नमुना मातीत करायची पद्धत होती. भट्टीत ऊन केलेली तपकिरी माती लाकडी सांगाड्यावर थापायची, गार झाली की पात्यांनी तासायची. काझचा हात असा बसलेला, की कागदाच्या जाडीएवढा उंचवटाही त्याला डोळे मिटून कळायचा. पण कोणती गाडी करायची आणि कोणती मोडायची हे ठरवणारे वेगळे. त्यांच्या नखाला कधी माती लागलेली नसे.

एकोणऐंशी सालच्या त्या वसंतात त्याच्यापुढं जी गाडी होती ती मात्र त्याला स्वतःला हवी होती. घराच्या गॅरेजात शिरेल एवढी ठेंगणी, सात माणसं बसतील एवढी ऐसपैस, आणि स्कर्टातल्या बाईला उडी न मारता चढता येईल एवढी खाली. पायरीचं माप त्यानं कुठल्या तक्त्यातून घेतलं नव्हतं. हॅमट्रॅमकला बहिणीच्या घरी गेला, खोक्यावर खोकी रचली आणि तिला म्हणाला, "बर्नी, चढ."

"काझिक, पाच लेकरांनंतर मला सर्कशीत घालतोयस?" बर्नडीन म्हणाली. पण चढली. तिसऱ्या खोक्याला तिनं गुडघा धरला, तेव्हा त्यानं दुसऱ्याची उंची लिहून घेतली. जाताना ती दारात उभी राहून म्हणाली, "आणि दारं दोन्ही बाजूंना कर. आमची गल्ली एकमार्गी, गाडी डाव्या कडेला लागते. आमच्या जुन्या स्टेशन वॅगनला निदान डावीकडं दार आहे, पोरं फुटपाथवर उतरतात. ते काढून घेऊ नकोस म्हणजे झालं."

"वेडी आहेस का? दोन्हीकडं सरकती दारं आहेत."

आणि खरंच होती. काझच्या डोक्यात, कागदावर, सगळीकडं.

फक्त मातीत नव्हती. कारण मातीत एका सांगाड्यावर दोन गाड्या असतात. उजवी अर्धी एकाची, डावी अर्धी दुसऱ्याची. माती, जागा, वेळ, सगळंच वाचतं. साहेबांनी यायचं, दोन्ही बाजू बघायच्या, एक निवडायची. मग निवडलेल्या बाजूवरून दुसरी करायची. झाडू मारणाऱ्यालाही हे माहीत असतं. या नमुन्याची उजवी बाजू, म्हणजे अमेरिकेत एरवी फुटपाथकडं येते ती, काझची, सरकत्या दाराची. डावी ट्रकवाल्या विभागाची, मागं दारच नाही, नुसती लांब काच. ट्रकवाल्यांचा हिशेब सरळ होता: मालाच्या गाडीला खिडक्या पाडा आणि माणसं पुढची सीट दुमडून आत ढकला.

व्हर्जिल हाउगेन या गाडीचा प्रमुख होता. नऊ वर्षं तो ही व्हॅन घेऊन दारोदार हिंडत होता. मोटार विभाग म्हणे, हा ट्रक आहे. ट्रक विभाग म्हणे, ही मोटार आहे. सात वेळा नकार. आता आठव्यांदा, नव्या उपाध्यक्षापुढं. ट्रिंबल त्याचं नाव. सहा महिन्यांपूर्वी तो धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीतून आला होता.

ट्रिंबल आला, नमुन्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. थांबला. त्याचा चेहरा उजळला.

"वा! फुटपाथकडं दार आणि रस्त्याकडं दारच नाही! म्हणजे पोरं रहदारीत उतरूच शकत नाहीत. हे कुणाला सुचलं?"

खोलीत अकरा माणसं होती. अकराही जणांनी एकदम बुटांकडं पाहिलं.

काझनं तोंड उघडलं. हाउगेननं त्याच्या पायावर पाय ठेवला, हळूच नाही.

"सगळ्यांनी मिळून, साहेब," हाउगेन म्हणाला.

"अशीच करा. आहे तशी. शुक्रवारी मापं घेऊन कायम करा." आणि ट्रिंबल हसत गेला.

दार लागलं. ट्रकवाल्यांचा माणूस फिस्सकन हसला. "पाखोल्स्की, अभिनंदन! आपलं लग्न लागलं."

काझनं हातातलं पातं टेबलावर आपटलं. "व्हर्जिल, त्याला ही एकच गाडी वाटली!"

"वाटू दे."

"सांग त्याला! अर्धी-अर्धी आहे म्हणून सांग!"

"काय सांगू?" हाउगेनचा आवाज बसका झाला. "नवीन साहेब, तुम्हाला पद्धतच माहीत नाही, अकरा माणसांदेखत तुमचं हसं झालं? मग तो काय करील? आणखी एकदा विचार करू म्हणेल. आणखी एकदा म्हणजे काय ते मला विचार. नऊ वर्षं मी ते दोन शब्द खाऊन जगलोय. मला हो मिळालंय, काझ. अर्धवट का होईना, हो."

"माझ्या बहिणीची गल्ली एकमार्गी आहे."

"मग तिला घर बदलायला सांग."

हे बोलून हाउगेनलाच लाज वाटली असावी. तो टोपी घेऊन निघून गेला. काझला त्याचा राग आला, आणि त्याचं थोडं बरोबर आहे याचा जास्त राग आला. भित्रा माणूस नुसता भित्रा असता तर सोपं होतं. हा भित्रा नऊ वर्षं एकटा लढलेला होता.

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले. काझनं बर्नीनं दिलेल्या पिएरोगींचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा तसाच ठेवला, पट्टी घेतली, पातं घेतलं आणि डाव्या बाजूवर दार कोरलं. वरची रेघ, खालची रेघ, मागं सरकायची खाच, हँडलचा खड्डा. पाऊण तासात. आयुष्यात त्यानं इतकी सरळ रेघ मारली नव्हती.

शुक्रवारी मापं घेणारे आले, आणि नको तो माणूसही आला. ट्रिंबलला फोटो काढून घ्यायचा होता.

"हे काय? कुणी ओरखडलं?"

"ओरखडा नाही, दार आहे," काझ म्हणाला. हाउगेनचा पाय या वेळी लांब होता. "साहेब, नमुन्याच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या गाड्या. तुम्ही एक निवडायची होती. तुम्ही दोन्ही निवडल्या. इथं सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही एवढंच."

ट्रिंबलचे कान लाल झाले. तो मूर्ख नव्हता. त्याला कळलं होतं, तिथल्या तिथं, सगळं. काझनं ते त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि वेड्यासारखी आशा धरली.

मग ट्रिंबलनं हाउगेनकडं पाहिलं. "मिस्टर हाउगेन, मी चुकून मंजूर केलं असं यांचं म्हणणं आहे. तसं असेल तर मंजुरी मागं घेतो. नाहीतर मी विचार करून मंजूर केलं. कोणतं?"

हाउगेननं नमुन्याकडं पाहिलं, काझकडं नाही.

"विचार करून, साहेब."

"मग हे भरून घ्या. यांच्याच हातानं."

काझ पातं टाकून घरी जाऊ शकला असता. पण दुसऱ्या कुणी भरलं असतं तर काच वेडीवाकडी झाली असती, आणि ते त्याच्यानं बघवलं नसतं. असल्या माणसांना धरायची जागा साहेबलोकांना बरोबर सापडते. त्यानं भट्टीतून ऊन माती आणली, अंगठ्यानं रेघेत दाबत गेला. वरची रेघ. खालची रेघ. खाच. फोटोवाला कोपऱ्यात घड्याळ बघत उभा होता.

चार वर्षांनी गाडी बाजारात आली आणि लोकांच्या उड्या पडल्या. हाउगेनला बढती मिळाली. ट्रिंबल जेवणावळींत सांगत हिंडला, की एकाच बाजूला दार ही कल्पना सुरक्षिततेच्या विचारातून आली.

बर्नडीननं जुनी वॅगन मोडीत घालून निळी व्हॅन घेतली. पहिल्याच रविवारी प्रार्थना आटोपून ती गल्लीत शिरली, डाव्या कडेला लावली. काझ पायऱ्यांवर वाट बघत बसलेला. दार सरकलं, पलीकडं, रस्त्यात. पोरं बाहेर सांडली. मागून येणाऱ्या डिलिव्हरीच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर शिव्या देत गेला.

बर्नी धाकटीची मानगूट धरून गाडीला वळसा घालून आली. तोंड पांढरं पडलेलं.

"पायरी छान झालीय," ती म्हणाली. "काझिक, एवढी शिकलेली माणसं तुमची. गाडीला दोन बाजू असतात हे एकालाही ठाऊक नव्हतं?"

काझ उठला. निळ्या सपाट पत्र्यावरून त्यानं अंगठा फिरवला, मातीत जिथं त्यानं हँडलचा खड्डा कोरला होता तिथपर्यंत.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक होतं."