पुठ्ठ्याला चिकटलेला शेवट

मी बोलतेय, पण ऐकतंय कोण! मी या घरातली भिंतीवरची दिनदर्शिका, रोज एक पान फाडायची. छापखान्यात पाठीला पुठ्ठा लावला तेव्हाच मला शिकवलं, एकानंतर दोन, दोनानंतर तीन. मध्ये उडी नाही.

इथे आले आणि सगळं शिक्षण पाण्यात गेलं. घरातली बाई कादंबरी लिहिते. माझं फाडलेलं पान उलटं करायचं आणि भाजी शिजेपर्यंत मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं. तिच्या गोष्टीतली आई पहिल्याच पानावर मरते, मग म्हातारी होते, मग तिचं लग्न होतं. एका दुपारीला चाळीस पानं आणि दहा वर्षं एका ओळीत. मला तर घेरीच यायची.

नवरा मात्र माझ्यासारखा. गाड्यांची वेळापत्रकं करण्यात त्याचा जन्म गेला. आज सकाळी त्याने हौसेने सगळी पानं तारखेप्रमाणे लावली.

"बघ, कसं छान लावलंय!"

बाई मटकन खाली बसली. "अहो, पाच वाजता प्रकाशक न्यायला येणार! क्रम माझ्या डोक्यात होता, पानांवर नाही."

"अगं, पण आधीचं आधी नको का?"

"भांडी घासताना मला आधी आठवते ती गेलेली आई, मग वेणी घालणारी. तारीख बघून येते का ती?"

दोघांनी पानं जमिनीवर पसरली. तो पहिली ओळ वाचायचा, ती जागा दाखवायची. चारपर्यंत सगळं जुळलं. फक्त शेवट सापडेना.

मला ठाऊक होतं हो! मार्चमध्ये हाताशी कोरं पान नव्हतं, म्हणून बाईने माझा एकतीस डिसेंबर आधीच फाडला आणि त्यावर शेवट लिहिला. आठ वर्षांची आई शाळेला उशीर झाला म्हणून पळतेय. नवऱ्याला वाटलं, पान चुकून सुटलं. त्याने गोंद लावून ते परत माझ्या पुठ्ठ्याला चिकटवलं, लिहिलेली बाजू आत. आज अठ्ठावीस डिसेंबर. दिवसभर माझा जीव टांगणीला.

अखेर त्यालाच आठवलं, ते पान आपणच चिकटवलं होतं. तोंड एवढंसं झालं. "पुन्हा लिहितेस का?"

"नाही जमणार. ते लिहिलं तेव्हा आई होती." तिला रडूच फुटलं. कादंबरीचं पहिलं पान तिने ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, तिची आई गेली त्या आठवड्यात.

पाचला दार वाजलं. जन्मात एक गाडी मिनिटभर न थांबवलेला हा माणूस प्रकाशकाला म्हणाला, "बसा. वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही."

आता तो माझा पुठ्ठा मागून ओला करून पापुद्रा पापुद्रा सोलतोय. बाई श्वास रोखून बघतेय. शाईला पाणी लागलं तर सगळं संपलं. सोल रे बाबा, हळू सोल. मला पाठ नसली तरी चालेल. एकोणतीस, तीस राहू देत. एकतीस तारीख आजच आली, तर मी ब्रसुद्धा काढणार नाही.