वरून लिहिलं, खालून विणलं

मी बोलतोय, गणिताच्या वहीतून निघालेला चौकटीचा कागद. शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, त्यांची माफी आधीच मागतो. शब्दही साधेच आहेत. माझ्या अंगावर आकडेच जास्त लिहिले गेले. पण जे सांगायचं ते दबून सांगणार नाही. मला चुकीचा म्हणाले होते. मी चुकीचा नव्हतो.

अकोल्यात जठारपेठेतल्या दुकानातून शालूनं मला आणलं. ती मॅट्रिकला होती. तिचा भाऊ धर्मपाल सातवीतून शाळा सोडून सतरंजीच्या कारखान्यात लागला होता. फार लाजरा. चार माणसं जमली की हा भिंतीकडे पाहायचा.

त्या कारखान्याची एक रीत होती. नक्शा, म्हणजे चौकटी भरून काढलेलं चित्र, फक्त शेषराव मास्तरजवळ. तो खुर्चीवर बसून पुकारायचा, “लाल पाच, पांढरे दोन, लाल पाच!” विणकरांनी तेवढी घरं त्या रंगानं भरायची. चित्र कशाचं, हे विचारायचं नाही. धर्मपालनं सहा वर्षांत मोर विणले, हत्ती विणले. कागदावर एकही पाहिला नाही. आणि शेषरावनं जन्मात मागाला हात लावला नव्हता.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात वस्तीत बुद्धविहार बांधून झाला. बैठकीत धर्मपाल भिंतीकडे पाहतच म्हणाला, “मूर्तीसमोरची सतरंजी मी इनतो. नक्शाही आपलाच.”

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट कारखान्यात पोचली.

“काहून बे धर्म्या,” शेषराव म्हणाला, “आता नक्शेबी तुमीच काढनार? हात चालवा तुमी. डोकं आमच्याजवळ आहे.”

घरी येऊन धर्मपालनं शालूसमोर मला अंथरलं.

शालूनं माझ्या पोटावर पिंपळाचं पान काढलं आणि पानाखाली तीन अक्षरं : समता. रुंदी चोवीस घरं, उंची बत्तीस ओळी. मग माझ्या पाठीवर तिनं एकेक ओळ आकड्यांत उतरवली. “पांढरे अकरा, निळे दोन, पांढरे अकरा.” बेरीज चोवीस आली नाही की पुन्हा मोजायची. एवढं मोठं पान बत्तीस ओळींच्या आकड्यांत मावलं, याचं मलाच नवल वाटलं. आणि कोणीही ते आकडे वाचून पान पुन्हा उभं करू शकलं असतं.

आडवा माग मांडला बुधाजी काकाच्या अंगणात. बुधाजी काका विहाराचे पंच. ते म्हणाले, “इन बापा. पन बुद्धपौर्णिमेले अंथरली गेली पायजे. नाही तं पुन्हा आपल्या पोराईवर कोनी भरोसा ठेवनार नाही.”

शालू पुकारायची, धर्मपाल विणायचा. “पाहून घे न एकदा,” ती मला पुढे करायची. तो मान हलवायचा. सहा वर्षांची सवय. पुकार ऐकायची, धागे दाबायचा लोखंडी पंजा ठोकायचा. आणि इथंच घोटाळा झाला. शालू शाळेत शिकली तशी वरून खाली वाचत गेली. सतरंजी चढते खालून वर. आधी निघालं ते बारीक टोक. धर्मपालला वाटलं देठ आहे. तो ठोकत गेला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अक्षरं निघाली. शिरोरेघ आधी, अक्षरं तिच्यावर उलटी उभी. शेवटची ओळ पडली तेव्हा नेमका शेषराव अंगणात आला. तो मागाच्या पलीकडे उभा राहून हसू लागला.

“वा रे वा! इकडून पाहा, समता आरशात गेली! तिकडून पाहा, पान जमिनीत घुसलं! कागदच चुकीचा आहे पोरी. फाडून टाक तो.”

बुधाजी काकांनी पागोटं काढून हातात घेतलं. शालू रडू लागली. “माह्यंच चुकलं, दादा. मी वरून वाचलं.”

शेषरावनं मला घ्यायला हात पुढे केला. तेव्हा धर्मपाल उठला. पहिल्यांदाच तो कोणाच्या तरी डोळ्यांत पाहत होता.

“कागदाले हात लावू नका, मास्तर.”

“मंग काय, हे असं अंथरशीन?”

“तिनं वरून लेयलं, मी खालून इनलं. दोघंही आपल्या जागी बराबर आहो.” त्यानं कातरी घेतली. कचाकच मागावर ताणलेले ताण्याचे धागे कापले. सतरंजी मोकळी झाली. तिची समोरची कड धरून त्यानं ती पलटी केली, वहीचं पान वरच्या बाजूला उलटावं तशी.

सतरंजीला दोन्ही तोंडं सारखीच असतात. पिंपळाचं पान सरळ होतं. खाली निळी अक्षरं सरळ होती. समता.

मग बुधाजी काकांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. “मास्तर, तुमाले हे माईत नोतं?”

“मी नक्शा पाहतो, काका,” शेषराव पुटपुटला. “माल बाकीचे पाहतात.” तो निघून गेला.

पौर्णिमेला सतरंजी मूर्तीसमोर अंथरली गेली. म्हाताऱ्या बाया वाकून अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. मी शालूच्या पिशवीत होतो. मला वाटलं, आपलं काम संपलं, आता चुलीत जाऊ.

आज मी पिवळा पडलोय, एक कोपरा उंदरानं नेलाय. तरी कोणी मला रद्दी म्हणू नका. माझ्यासारखा कागद कोणी तुमच्यापासून लपवून ठेवला तर मागून घ्या. नाही दिला तर स्वतः काढा.

त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मपालनं शालूच्या दौतीत टाक बुडवला आणि माझ्या माथ्यावर लिहिलं : “वरून लेहिलं आहे. खालून वाचा.” मग मला घेऊन तो भोंग्याच्या आधी कारखान्यात गेला. फाटकाच्या आतल्या भिंतीवर त्यानं माझ्या फक्त वरच्या कडेला खळ लावली, म्हणजे कोणालाही मला उचलून दोन्ही बाजू पाहता याव्यात. विणकर जमले. एकानं भीतभीत मला उचलून पाठीवरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. धर्मपाल थांबला नाही. तो आत जाऊन आपल्या मागावर बसला.